क्रोशाचा स्कार्फ नि शाल घरी कशी विणायची: हात सैल सोडा, सुई मोठी घ्या

शाल अंगावर घेतली की ती खांद्यावरून मऊ खाली उतरायला पाहिजे. घरी विणलेल्या बऱ्याच शाली तशा उतरत नाहीत, पुठ्ठ्यासारख्या ताठ राहतात, एकदा कौतुकाने घेतल्या जातात आणि मग कपाटात जातात त्या जातातच. यात विणणारीचा हात वाईट असतो असं अजिबात नाही, उलट टाके एकसारखे, घट्ट, सुबक असतात, आणि खरं कारण तेच आहे. आपल्याकडे आई, मावशी, आत्या क्रोशा शिकल्या त्या बारीक दोऱ्यावर आणि बारीक स्टीलच्या सुईवर. तोरणं, रुमाल, टीपॉयवरचे कपडे, तांब्यावरची झाकणं. त्या कामात टाका जेवढा घट्ट तेवढं काम देखणं, आणि आपण शिकलो ते त्यांच्याकडूनच. तोच हात लोकरीवर चालवला की स्कार्फ होत नाही, पट्टा होतो. त्यामुळे ज्यांना क्रोशा पाठ आहे त्यांनीही पुढचं वाचा, आणि ज्यांनी सुई हातात धरलेली नाही त्यांनी तर काही घाबरू नका, तुमचा हात घट्ट व्हायचाच आहे अजून, तुम्हाला हे सोपं जाईल.

साताऱ्यात दिवाळीनंतर थंडी चांगली पडते, पुसेगावच्या यात्रेच्या सुमारास तर सकाळी बाहेर पडवत नाही, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये सुई हातात घेतली तर डिसेंबरला शाल अंगावर येते. सांगलीकडच्यांना एवढी जाड लागत नाही, त्यांनी बारीक लोकर किंवा कॉटन घ्या, कृती तीच.

लोकर घेताना

राजवाडा, मोती चौक या बाजूला बाजारात गेलात की लेस, बटणं, शिवणसामान विकणाऱ्या दुकानात विचारा, लोकर मिळते. बहुतेक माल लुधियानाचा आणि ॲक्रिलिक असतो, वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं दिसतील. ॲक्रिलिक म्हटलं की काहीजणी नाक मुरडतात, पण पहिल्या स्कार्फला तेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. धुवायला सोपं, कसर लागत नाही, चुकलं तर चार वेळा उसवून परत विणता येतं आणि खिशाला झेपतं. फक्त हाताला घेऊन बघा, आणि हातालाच नाही तर गळ्याला किंवा हनुवटीखाली लावून बघा, कारण बोटांना जे मऊ लागतं ते गळ्याला टोचू शकतं. दुकानदार काही म्हणत नाही.

शुद्ध लोकर, म्हणजे मेरिनो वगैरे, ही बारीक असूनसुद्धा ऊब देते, शालीला ती फार सुंदर, पण धुण्याची कटकट असते आणि महाग पडते. माण-खटावकडच्या आपल्या मेंढ्यांची लोकर घोंगडीला उत्तम, ती राठ असते आणि घोंगडीला तसंच पाहिजे, पण गळ्यात घालायच्या स्कार्फला ती नको. कॉटन उन्हाळ्याला छान, पण जड असतं आणि स्वतःच्याच वजनाने लांबत जातं, म्हणून कॉटनची मोठी शाल करायची असेल तर बारीक दोऱ्याची आणि जाळीदार करा.

जाडी किती हवी? लेबलवर फोर प्लाय (बारीक), डीके, चंकी (जाड) असं काहीतरी लिहिलेलं असतं. डीके म्हणजे डबल निटिंग, मध्यम जाडी, नवीन माणसाला तीच बरी. रंग फिका किंवा मध्यम घ्या. काळा, गडद निळा, मरून हे रंग दिसायला भारी पण रात्री ट्यूबलाइटखाली टाके दिसतच नाहीत, आणि केसाळ लोकर तर पहिल्यांदा अजिबात नको, तिच्यात टाका सापडत नाही आणि उसवताना तंतू अडकून बसतात.

आता लेबलवर दोन गोष्टी बघायच्याच. एक म्हणजे मीटर. सगळे ग्रॅमवर लोकर घेतात पण विणायला लांबी लागते, वजन नाही. डीके जाडीच्या ॲक्रिलिकच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २५० ते ३०० मीटर येतं, कॉटनच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम २०० च्या आसपास, म्हणजे कॉटनचे गुंडे जास्त लागणार. दुसरं म्हणजे लॉट नंबर. एकाच रंगाची लोकर वेगवेगळ्या वेळी रंगवली की छटेत किंचित फरक पडतो, दुकानात दिसत नाही, शाल झाल्यावर उन्हात बरोबर मधोमध पट्टा दिसतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या आणि एक जास्तच घ्या. अंदाज म्हणून सांगते, डीकेमध्ये स्कार्फला २०० ग्रॅम, तिकोनी शालीला ३०० ते ३५०, मोठ्या लांब शालीला ४०० पर्यंत.

लोकर लडीत आली असेल तर तशीच विणायला घेऊ नका, गुंता होणार म्हणजे होणार. घरातल्या कुणाच्या तरी दोन्ही हातात लडी अडकवा आणि गुंडा करून घ्या, कुणी नसेल तर खुर्चीच्या पाठीला अडकवा. गुंडा करतानाही हात सैल, ताणून गुंडाळलेली लोकर विणताना ताणलेली राहते आणि धुतल्यावर आकसते.

सुई

सगळ्या घरात एक डबी असते तिच्यात स्टीलच्या सुया असतात. त्या दोऱ्याच्या. त्या सुयांवरच्या नंबरांनी गोंधळ होतो कारण स्टीलच्या सुईत नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. लोकरीसाठी नंबर विसरा, एमएम बघा, ते दांड्यावर छापलेलं असतं. ॲल्युमिनियम, प्लास्टिक, बांबू काहीही चालेल, ज्यांची बोटं दुखतात त्यांनी रबरी दांड्याची घ्या.

डीकेच्या लेबलवर बहुतेक ४ एमएम सुई लिहिलेली असते. ते सूत्र स्वेटरला बरं. स्कार्फला ५ घ्या, शालीला साडेपाच किंवा ६. ज्यांचा हात घट्ट आहे, म्हणजे वर म्हटल्या त्या दोऱ्यावर शिकलेल्या सगळ्या, त्यांनी त्याच्याही पुढे अर्धा एमएम जा. पहिल्या दोन ओळी विणल्यावर वाटेल की हे किती विरळ दिसतंय, भोकं भोकं दिसतायत, काहीतरी चुकतंय. चुकत नाहीये. थांबा जरा, सात-आठ ओळी होऊ द्या आणि मग हातात उचलून बघा.

हात घट्ट का होतो तेही सांगते, कारण नुसतं सैल विण म्हटल्याने कुणाचा हात सैल होत नाही. सुईच्या टोकाच्या वाकड्या हुकच्या खाली एक बारीक मान असते आणि त्याच्या मागे जाड दांडा असतो. फास जर बारीक मानेवरच राहिला तर तो मानेच्या मापाचा होतो, मग तुम्ही ६ एमएमची सुई घ्या नाहीतर १० ची, टाका बारीकच. प्रत्येक फास जाड दांड्यापर्यंत मागे सरकू द्यायचा. एवढी एकच सवय लावली तरी अर्धं काम झालं. आणि लोकर डाव्या हाताच्या करंगळीभोवती एकच वेढा घेऊन तर्जनीवरून आणायची, दोन-दोन वेढे घेऊन आवळून धरायची नाही. डावखुऱ्यांनी सगळं आरशात बघितल्यासारखं उलट करायचं, व्हिडिओ बघून शिकत असाल तर मोबाईलवर तो आडवा फिरवून मिरर करता येतो.

टाके चारच

साखळी म्हणजे सुईवरच्या फासातून लोकर ओढून काढायची, नवा फास झाला की परत तेच, ही बहुतेकांना येते. मुका खांब म्हणजे टाक्यात सुई घालून लोकर ओढली, सुईवर दोन फास झाले, लोकर घेतली आणि दोन्हीतून काढली. अर्धा खांब म्हणजे आधी सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यायचा, मग टाक्यात सुई घालून लोकर ओढायची, सुईवर तीन फास होतात, लोकर घेऊन तिन्हीतून एकदम काढायची. खांब म्हणजे सुरुवात तीच, तीन फास झाले की लोकर घेऊन आधी दोनातून काढायची, परत घेऊन उरलेल्या दोनातून. बस.

मुक्या खांबाची शाल करू नका, सगळ्यात दाट आणि सगळ्यात ताठ तो टाका. पर्सला, टोपलीला तो चांगला. स्कार्फला अर्धा खांब, शालीला खांब.

आणि नेटवरून पॅटर्न घेत असाल तर हे लक्षात ठेवा की अमेरिकेचे आणि ब्रिटनचे शब्द वेगळे आहेत. अमेरिकन पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, तो ब्रिटिशांचा ट्रेबल. पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे दिसला तर तो अमेरिकन समजायचा, कारण ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच वापरत नाहीत.

नमुन्याचा तुकडा टाळू नका. वीस टाके, दहा ओळी, अर्ध्या तासाचं काम आहे. तो विणून झाल्यावर एका कोपऱ्याला चिमटीत धरून उचला. खाली लोंबला, घड्या पडल्या तर सुई बरोबर. फलक धरल्यासारखा सरळ उभा राहिला तर अर्धा एमएम मोठी सुई घ्या आणि परत. मग धुवा, वाळवा आणि त्यानंतर पट्टीने दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजा. धुवायच्या आधी मोजलेलं माप काही कामाचं नाही.

स्कार्फ, लांबीच्या बाजूने

बहुतेक ठिकाणी स्कार्फ रुंदीच्या बाजूने सांगतात, पंचवीस-तीस टाके घ्या आणि दोन मीटर होईपर्यंत विणत राहा. त्यात शंभर-दीडशे वेळा काम पलटावं लागतं आणि नवीन माणसाची प्रत्येक पलटीला काठावर टाका सुटायची भीती, मग स्कार्फ हळूहळू निमुळता होत जातो. म्हणून मी नेहमी सांगते की लांबीच्या बाजूने विणा. एक ओळ लांबलचक, पण ओळी मोजून अठरा-वीस. काठ फार कमी वेळा येतो आणि रेघा लांबीत जातात त्यामुळे स्कार्फ गळ्याभोवती छान वळतो.

लांबी १७० सेंटीमीटर धरू. डीके आणि ५ एमएमला साधारण २३० ते २४० साखळ्या लागतील, तुमच्या नमुन्याच्या तुकड्यावरून हिशोब काढा. साखळी घालताना सुई ६ एमएमची घ्या आणि नंतर विणायला ५ ची. हे विसरलात तर सुरुवातीचा काठ आखूड होतो आणि स्कार्फ धनुष्यासारखा वाकतो, नंतर तो काही केल्या सरळ होत नाही. दर वीस साखळ्यांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा म्हणजे मध्येच कुणी हाक मारली तरी परत एकपासून मोजायला नको. आणि दहा-पंधरा साखळ्या जास्तच घाला, उरल्या तर सुरुवातीच्या गाठीकडून सोडवून टाकता येतात, कमी पडल्या तर मात्र काही करता येत नाही.

पहिली ओळ: सुईपासून दुसऱ्या साखळीत अर्धा खांब, मग प्रत्येक साखळीत एकेक. ही ओळ सगळ्यात कंटाळवाणी, साखळी पिळा घेते, टाके वेडेवाकडे दिसतात, पण नेटाने पूर्ण करा, पुढे सगळं सोपं. ओळ संपली की १ साखळी, काम पलटा. ही साखळी टाका म्हणून मोजायची नाही, म्हणजे पहिला अर्धा खांब अगदी पहिल्याच टाक्यात घालायचा. आता प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर दोन धागे दिसतात, पुढचा आणि मागचा, त्यातल्या फक्त मागच्या धाग्यात सुई घालून सगळी ओळ विणा. त्याने आडव्या उंच रेघा पडतात, सुयांवरच्या विणकामासारखं दिसतं, आणि मुख्य म्हणजे कापड लवचिक होतं. अशाच ओळी १८ सेंटीमीटर रुंदी होईपर्यंत.

दर ओळीचा पहिला आणि शेवटचा टाका, दोन्हीत खुणेची पिन किंवा दोऱ्याचा तुकडा लावून ठेवा आणि ओळीबरोबर वर सरकवत न्या. एवढं केलं की टाके मोजावेच लागत नाहीत, खूण दिसली की तिथे शेवट.

पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्या घरच्या माणसाला स्कार्फ करायचा असेल तर एवढा लांब नको, १२० सेंटीमीटर पुरे, एक वेढा घेऊन टोक जॅकेटमध्ये खोचता येतं. आणि स्कूटीवर घालायला स्कार्फ मागणाऱ्या मुलींना स्पष्ट सांगा की क्रोशाच्या विणीतून धूळ आत येते, तोंडाला बांधायला ओढणीच बरी, आणि गोंड्यांचा लांब स्कार्फ गाडीवर नकोच, चाकात टोक जायची भीती खरी असते. लहान बाळालाही गोंडे नकोत आणि मोठी जाळी नको, त्यांची बोटं त्यात अडकतात.

लांब शाल, व्ही टाक्याची

हिच्यासारखी सोपी शाल नाही, हात एकदा बसला की मालिका बघत बघत होते. व्ही टाका म्हणजे एकाच जागी खांब, १ साखळी, खांब.

साखळ्यांचा हिशोब असा की जेवढे व्ही हवेत त्यांना तीनने गुणा आणि त्यात ४ मिळवा. सुमारे ५० सेंटीमीटर रुंदीला २४ व्ही पुरतात, म्हणजे ७६ साखळ्या, परत मोठ्या सुईने. सुईपासून पाचव्या साखळीत पहिला व्ही. मग दोन साखळ्या सोडून पुढच्या साखळीत व्ही, असं करत जा, शेवटचा व्ही झाला की दोन साखळ्या उरतील, त्यातली एक सोडा आणि शेवटच्या साखळीत एक साधा खांब. दुसऱ्या ओळीपासून डोकं लावायचं कामच नाही: ३ साखळ्या, पलटा, खालच्या प्रत्येक व्हीच्या मधल्या गाळ्यात, म्हणजे साखळीखालच्या मोकळ्या जागेत, व्ही, आणि शेवटी खालच्या ओळीच्या ३ साखळ्यांच्या डोक्यावर एक खांब. हा शेवटचा खांब लोक विसरतात, तो नसला की काठ खात जातो. १८० सेंटीमीटर झाली की थांबा, उंच बाईला २०० करा.

तिकोनी शाल

मला स्वतःला सगळ्यात जवळची ही. खांद्यावरून घसरत नाही, स्वयंपाक करताना पुढे गाठ मारली तर हात मोकळे राहतात, आणि म्हाताऱ्या माणसांना पाठ झाकायला नेमकी जिथे पाहिजे तिथे जाड येते. हिची सुरुवात मानेच्या मधोमध होते आणि ती दोन्ही बाजूंना नि खाली वाढत जाते, त्यामुळे आधी माप ठरवायला लागत नाही, लोकर संपली की शाल झाली.

४ साखळ्या घालून त्यांचं कडं जोडा, म्हणजे पहिल्या साखळीत सुई घालून लोकर ओढा आणि ती सुईवरच्या फासातूनही काढा. पहिली ओळ: ४ साखळ्या, त्यातल्या तीन म्हणजे एक खांब आणि एक म्हणजे गाळा. मग कड्यातच ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब, १ साखळी, १ खांब. पलटा. एवढं झालं की एक बारकं पंख्यासारखं काहीतरी दिसेल, मधला २ साखळ्यांचा गाळा म्हणजे शालीचं टोक, त्याला लगेच खूण लावा.

दुसरी ओळ: ४ साखळ्या, पहिल्या गाळ्यात ३ खांब, १ साखळी, मधल्या टोकाच्या गाळ्यात ३ खांब २ साखळ्या ३ खांब, १ साखळी, शेवटच्या गाळ्यात ३ खांब, १ साखळी, आणि खालच्या ४ साखळ्यांपैकी तिसरीत एक खांब. पलटा. तिसऱ्या ओळीपासून हेच, फक्त काठ आणि टोक यांच्यामध्ये जे जे गाळे येतील त्या प्रत्येकात ३ खांब आणि दोन गटांमध्ये १ साखळी.

तपासायची युक्ती फार सोपी आहे, जितवी ओळ तितके गट टोकाच्या प्रत्येक बाजूला. दहाव्या ओळीला दहा इकडे, दहा तिकडे. नसले तर त्याच ओळीत चूक आहे, लगेच उसवा. क्रोशात एकच फास सुईवर असतो म्हणून उसवायला काहीच वाटत नाही, दोन सुयांवर विणणाऱ्यांना विचारा त्यांचे काय हाल होतात ते.

साधारण ४० ते ४५ ओळीत वरचा काठ दीड मीटरच्या पुढे जातो. या आकारात वरचा काठ नेहमी मधल्या खोलीच्या दुप्पट येतो, म्हणजे मानेपासून टोकापर्यंत ७५ मोजलं तर वर १५० असणार, एकच माप घेतलं तरी चालतं. आणि इथेच लोकरीचा अंदाज चुकतो लोकांचा. अर्ध्या ओळी झाल्या म्हणजे अर्धी लोकर लागली असं नसतं, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा लांब, त्यामुळे अर्ध्या ओळींना एकूण लोकरीच्या पाव भागच लागतो, उरलेल्या अर्ध्या ओळी तीन भाग खातात. वीस ओळी झाल्या आणि अजून भरपूर लोकर आहे म्हणून कुणाला अर्धा गुंडा देऊन बसू नका. स्वयंपाकघरात वजनाचा छोटा डिजिटल काटा असेल तर ओळ विणायच्या आधी आणि नंतर गुंडा त्यावर ठेवा, एका ओळीला किती ग्रॅम लागले ते कळतं, आणि शेवटी काठाची नक्षी आणि गोंडे यांना पुरेल एवढं बाजूला ठेवून थांबता येतं. गोंड्यांची लोकर तर आधीच कापून ठेवा. १२ सेंटीमीटरचा गोंडा हवा तर तुकडे २७-२८ चे, वहीच्या पुठ्ठ्याला लोकर गुंडाळून एका बाजूने कात्री फिरवली की सगळे सारखे निघतात.

काठाला एक मुक्या खांबाची ओळ आणि त्यावर शिंपले, म्हणजे एक टाका धरून मुका खांब, दोन सोडून एकाच टाक्यात पाच खांब, परत दोन सोडून मुका खांब. छान दिसतं आणि काठ बसतो. फक्त वरच्या सरळ काठावर ही मुक्या खांबाची ओळ सैल घाला, तिथे आवळलंत तर इतका वेळ जपलेला सगळा सैलपणा त्या एका ओळीने जातो.

नवीन गुंडा जोडताना, टोकं लपवताना

गाठ मारायची नाही. गाठ सुटते, टोचते आणि शालीला तर समोरून दिसतेच. आधीच्या गुंड्याचा शेवटचा खांब विणताना सुईवर शेवटचे दोन फास राहिले की तिथे थांबा आणि नवीन लोकर ओढून त्या दोनातून काढा, झाली जोडणी. दोन्ही टोकं दहा-बारा सेंटीमीटर ठेवा आणि शेवटी बोथट, मोठ्या नाकाच्या सुईत ओवून खांबांच्या आतून आधी एका दिशेला, मग उलट फिरून थोडं परत, अशी घाला. एकाच दिशेने ओढून घेतलेलं टोक धुण्यात बाहेर येतं.

धुणं, वाफ, आकार

हा भाग करायला सगळे कंटाळतात आणि खरं तर शालीचं निम्मं रूप इथे येतं. शुद्ध लोकरीची असेल तर कोमट पाण्यात रिठ्याच्या नाहीतर लोकरीसाठीच्या सौम्य लिक्विडच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायची, चोळायची नाही, पिळायची नाही, गरम आणि गार पाण्यात आलटून पालटून घालायची नाही, नाहीतर लोकर आटून नमदा होतो. उचलताना दोन्ही हातांनी खालून उचला, ओलं वजन टाक्यांना ताणतं. मोठ्या टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढा, आणि जुनी गादी किंवा जाड सतरंजी सावलीत टाकून तिच्यावर पसरा, काठ सरळ करा, टोकं ओढून न गंजणाऱ्या पिना लावा, पूर्ण वाळल्याशिवाय पिना काढू नका. दोरीवर वाळत घालायचं नाही, लांबट होते आणि चिमट्यांचे कान राहतात.

ॲक्रिलिकला पाण्याने आकार येत नाही, ते वाळलं की परत होतं तसं. त्याला वाफ लागते. पिना लावून पसरा, वाफेची इस्त्री बोटभर उंचीवर धरून हळूहळू फिरवत जा, टेकवायची अजिबात नाही, ॲक्रिलिक वितळतं आणि चकाकणारा डाग कायमचा राहतो. साधी इस्त्री असेल तर वर ओलं सुती फडकं टाका आणि इस्त्री अधांतरीच धरा. वाफ बसली की विण ढिली पडते, मऊ होते, खाली पडायला लागते, आणि ते कायमचं असतं, मागे जाता येत नाही. म्हणून आधी नमुन्याच्या तुकड्यावर करून बघा, तो तुकडा त्यासाठीच जपून ठेवायचा असतो. थोडी ताठ झालेली जुनी ॲक्रिलिकची शाल घरात पडून असेल तर तिच्यावरही हा उपाय करा, बऱ्याच शाली कपाटातून बाहेर येतील.

लाल, मरून, गडद हिरवा असे रंग पांढऱ्याबरोबर वापरणार असाल तर विणायच्या आधीच पांढऱ्या ओल्या कापडावर लोकरीचं टोक घासून बघा. रंग सुटला तर ती दोन रंगांची शाल करूच नका.

आपल्याकडच्या पावसाळ्याचंही सांगायला पाहिजे, यवतेश्वर-कासकडून धुकं उतरायला लागलं की घरातल्या कपाटांना ओल येते, महाबळेश्वर-पाचगणीच्या लोकांचं तर विचारू नका. शाल धुऊन पूर्ण कोरडी करून मगच ठेवा, कसर मळलेल्या आणि घामट लोकरीवर आधी येते. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, हँगरला लावू नका. डांबरगोळ्या ठेवायच्या तर लोकरीला थेट टेकू देऊ नका, आणि गणपतीनंतर चांगलं ऊन पडलं की एकदा सगळ्या बाहेर काढून वारा द्या.

कुणाला भेट देणार असाल तर लोकर कसली आहे आणि कशी धुवायची ते चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर मेरिनोची शाल जाते वॉशिंग मशीनमध्ये. आणि विकायची असेल तर बाजारातल्या मशीनच्या शालीशी किमतीची तुलना करत बसू नका. सुयांवरच्या विणकामाची मशीन आहेत, क्रोशाचा खरा टाका अजून हातानेच होतो, लोकरीची किंमत आणि लागलेले तास दोन्ही वहीत मांडा आणि मग आकडा सांगा, कमी सांगितलात तर शेजारच्या विणणारीचाही भाव पडतो.

वीस-पंचवीस ग्रॅम लोकर उरतेच, ती लेबलसकट शालीबरोबर ठेवा. पुढे कधी कुठे अडकून टाका तुटला तर त्या लॉटची लोकर दुकानात मिळणार नाही, आणि हा छोटा गुंडा घरात असला तर एका संध्याकाळी शाल दुरुस्त होते.